भाचीने देऊ केलेला गेस्ट पास घ्यावा का?

शाहूपुरीकर
माझी भाची एका परदेशी विमान कंपनीत नोकरीस आहे. कंपनीकडून तिला आप्तेष्टांसाठी वर्षाकाठी ठरावीक गेस्ट पास मिळतात आणि त्यांपैकी दोन ती आम्हा उभयतांना, मुंबईहून फ्रँकफर्टला मुलाकडे जाण्यासाठी देऊ म्हणते. कर व विमानतळ शुल्क धरूनही खर्च तिकिटाच्या मानाने बराच कमी आहे. मात्र आसन निश्चित नसते, भाडे भरलेले प्रवासी बसल्यावर जागा उरली तरच बोर्डिंग पास हाती पडतो. आम्ही मे महिन्यात जावे म्हणतो. मी निवृत्त आहे, दोन दिवस पुढेमागे झाल्याने माझे काहीही अडत नाही, त्यामुळे पास घ्यावा असे माझे मत आहे.

रंकाळाकाठ
असहमत. आपण हिशेब मुंबईपासून मांडला आहे, तो कोल्हापुरापासून मांडायला हवा. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्र काढून मुंबई गाठायची, दिवसभर सामान सांभाळायचे, रात्री काउंटरपाशी ताटकळायचे आणि शेवटच्या घटकेला ‘आज जागा नाही’ हे ऐकायचे. मुंबईकर अशा वेळी घरी जाऊन झोपतो. आपल्याला हॉटेल शोधावे लागते, आणि असे लागोपाठ दोन-तीन दिवस झाले की वाचलेल्या भाड्यातला मोठा वाटा तिथेच संपतो. शिवाय स्टँडबाय यादीत स्वतः कर्मचारी आणि त्यांचे निकटचे कुटुंबीय आधी असतात, गेस्ट पासवाले तळाशी. त्यात मे महिना, म्हणजे सुट्ट्यांची गर्दी! विमानात सहा जागा रिकाम्या दिसल्या, तरी त्या आपल्या वाट्याला येतीलच असे नाही.

खासबागवाले
आम्ही पती-पत्नी जावयाच्या पासवर दोनदा गेलो. पहिल्या खेपेस लगेच जागा मिळाली, दुसऱ्या खेपेस एक रात्र मुंबईत काढावी लागली. तरीही फायदाच झाला. विमानात किती जागा उरल्या आहेत हे जावई कंपनीच्या संगणकावर पाहून सांगत असे आणि भरलेले विमान दिसले की आम्ही कोल्हापूरच सोडत नसू. मे टाळून नोव्हेंबरातील मधला वार निवडला, तर रंकाळाकाठ यांची निम्मी भीती उरणार नाही.

गेटवरचा माणूस
मी अनेक वर्षे विमानतळाच्या काउंटरवर काम केले आहे, म्हणून खर्चापलीकडचे दोन मुद्दे मांडतो. पासवरील प्रवासी हा कर्मचाऱ्याच्या भरवशावर प्रवास करतो. त्याने काउंटरवर हुज्जत घातली, तर भाचीला जाब विचारला जातो आणि तिची सवलत बंदही होऊ शकते. पोशाखाचेही नियम असतात. मार्च २०१७ मध्ये डेन्व्हर येथे युनायटेड एअरलाइन्सने पासवर प्रवास करणाऱ्या दोन मुलींना लेगिंग्ज घातल्यामुळे विमानात चढू दिले नव्हते, त्यावर बराच गदारोळ झाला. तोच पोशाख तिकीट काढलेल्या प्रवाशाला चालला असता.

दुसरा मुद्दा परतीचा, आणि माझ्या मते तोच खरा. जाताना जागा मिळाली नाही तर आपण आपल्या देशात असतो. येताना मात्र व्हिसाची मुदत संपत आलेली असताना तीन दिवस जागा मिळाली नाही, तर प्रश्न पैशांचा राहत नाही, कायद्याचा होतो. त्यामुळे परतीसाठी मुदतीच्या आधी किमान आठवडा हाताशी ठेवावा, किंवा परतीचे तिकीट विकतच घ्यावे.

खासबागवाले
हे मान्य. आमचा प्रवास देशातलाच होता, त्यामुळे व्हिसाचा विचार करण्याची वेळ आली नाही.

रंकाळाकाठ
त्यात भर घालतो. विमान रद्द झाल्यास वा फार उशिरा सुटल्यास युरोपात प्रवाशाला जी भरपाई मिळते, तिच्या २००४ च्या नियमातूनच जनतेला उपलब्ध नसलेल्या सवलतीच्या दराने जाणारे प्रवासी वगळलेले आहेत. म्हणजे अडचण आलीच, तर तक्रारीलाही जागा नाही.

शाहूपुरीकर
सर्वांचे आभार. मे रद्द केला. नोव्हेंबरात पासवर जावे आणि परतीचे तिकीट निश्चित तारखेचे काढावे, असे ठरवत आहे. काउंटरवर तोंड उघडायचे नाही, अशी ताकीद सौभाग्यवतींनी मला आताच दिली आहे.

रंकाळाकाठ
ठरवण्यापूर्वी एकेरी तिकिटाचा दर पाहून घ्यावा. लांबच्या मार्गांवर तो पुष्कळदा जाण्यायेण्याच्या तिकिटाच्या जवळपास पोहोचतो, आणि तसे असल्यास पासने आपले वाचवले काय, हे मला पुन्हा विचारावे लागेल.