शेजारशेजारच्या दोन माळांवर वनस्पतींत एवढा फरक कशामुळे?

गवताळ:
बारामती तालुक्यात सुप्याच्या बाजूला दोन माळ आहेत, मधे फक्त एक ताल (बांध). पाऊस तोच, खाली मुरूमही तोच. पूर्वेच्या माळावर सप्टेंबरात बघावं तिकडे कुसळी गवतच. पश्चिमेला शेडा, पवन्या, मारवेल ही गवतं आणि मधूनमधून विष्णुक्रांत, उन्हाळी, जमिनीलगतच्या कितीतरी शेंगवर्गीय वेली. पूर्वेचा माळ दर फेब्रुवारी-मार्चमध्ये पेटवतात, पश्चिमेला दिवाळीनंतर मेंढरं चरतात. फरक आगीमुळे की मातीमुळे? आणि मोजायचं कसं? पूर्वेच्या माळावर युरिया टाकून ग्लिरिसिडियाची झाडं लावावीत असं गावात चाललं आहे, म्हणून घाई आहे.

मुरूमवाट:
आगीला दोष देण्याआधी मातीची खोली मोजा. आपल्याकडे कमी पावसाच्या माळावर पाणी किती दिवस टिकणार हे तीच ठरवते, आणि ती चार पावलांवर बदलते. उताराच्या वरून खाली दोरी ताणा आणि दर १० मीटरवर १ मीटर बाय १ मीटरची चौकट टाका. दोन्ही माळांवर उताराची दिशा आणि चौकटींची संख्या सारखीच ठेवा. प्रत्येक चौकटीत सें.मी.च्या खुणा केलेली १० मि.मी.ची सळई तीन ठिकाणी ठोका आणि सरासरी घ्या. सळई सुट्या दगडावर अडली तर खोली उगाच कमी दिसते, म्हणून वीतभर सरकून पुन्हा ठोकून बघा.

चार-पाच सें.मी. मातीत पावसाबरोबर उगवून लगेच बी धरणाऱ्या वर्षायू वनस्पती असतात. काळ्या खोल मातीत मारवेल जाड गालिचा धरतो आणि बाकीच्यांना जागाच उरत नाही. सर्वांत जास्त जाती बहुधा या दोन टोकांच्या मधे, आणि त्यातही जिथे खडक, खळगा, माती अशी सरमिसळ असते तिथे सापडतात. म्हणून दोन्ही माळांच्या सारख्या खोलीच्याच चौकटी एकमेकींशी ताडून बघा. तरीही फरक राहिला, तर आग आणि चराईकडे वळा.

नोंदी ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरमध्यापर्यंत घ्या. एवढ्याने भागत नाही, कारण फोडशीसारखे कंद जुलैत उरकतात आणि रानकांदा भर उन्हाळ्यात, पानं नसताना फुलतो. याच चौकटी त्या वेळी पुन्हा पाहाव्या लागतील. आणि मेंढरं रात्री बसतात त्या जागी चौकट टाकू नका. लेंड्या-मुतामुळे तिथे टाकळा-आघाड्याचं रान माजतं, ती माळाची खरी स्थिती नव्हे.

कुरणराखण:
खोली सारखी निघाली तर माझा कौल आगीकडे. कुसळीचं बी हातात घेऊन बघा. खाली सुईसारखं टोक, त्यावर मागे वळलेले ताठ केस, वर पीळ असलेलं लांब कूस. दव पडलं की पीळ सुटतो, ऊन लागलं की पुन्हा बसतो. या फिरण्याने टोक मातीत शिरतं आणि केसांमुळे मागे येत नाही. गवताची आग झपकन पुढे सरकते, सेंटीमीटरभर खाली फारशी धग पोचत नाही. त्यामुळे कुसळीचं पेरलेलं बी वाचतं आणि वरवर पडलेलं इतरांचं बी जळतं. क्वचित लागलेल्या आगीने वाळलेला थर निघून उजेड मिळतो, काही जातींना फायदाही होतो. नुकसान होतं ते दरवर्षी पेटवल्याने.

त्यात भर चराईची. कूस तोंडाला टोचतं, लोकरीतून कातडीत घुसतं, म्हणून कुसळी पिकली की मेंढपाळ तो माळ टाळतात. ती न खाल्ली जाता वाढतच जाते. उपाय म्हणजे कुसळीला तुरे आले पण कूस कडक झालेलं नाही अशा वेळी, जमिनीपासून ८-१० सें.मी. ठेवून कापणी. कापलेलं गवत बाहेर काढा, तिथेच पसरलं तर खालची रोपं दबतात. अर्धा माळ कापा, अर्धा तसाच ठेवा, म्हणजे फरक कशाने पडला ते कळेल. आणि पेटवणं थांबवण्याआधी चारही बाजूंनी जाळरेषा (आग अडवायला गवत काढलेला मोकळा पट्टा) काढा.

मातीचा_कस:
युरिया अजिबात नको. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडला १८५६ पासून एकाच कुरणावर खतांचा प्रयोग चालू आहे. बिनखताच्या वाफ्यांत चाळीसच्या आसपास जाती टिकल्या. वर्षानुवर्षं अमोनियम सल्फेट दिलेल्या आणि चुना न घातलेल्या वाफ्यांत दोन-तीनच उरल्या. नत्र मिळालं की उंच गवत आणखी उंच होतं आणि बुटक्यांचा उजेड अडतो. शिवाय या खताने माती आंबट होते. ग्लिरिसिडियाने नत्र आणि सावली दोन्ही एकदम येतात. आपली माळावरची गवतं उन्हातली, झाडाखाली ती विरळ होतात. खड्डे आणि चर खणताना वर आलेल्या मुरमावर आधी गाजर गवतच येतं. हा माळ नापीक म्हणून 'सुधारायचा' नाही, कमी कसामुळेच तिथे इतक्या जाती शेजारी नांदू शकतात, हे ग्रामसभेत ठासून सांगा.

गवताळ:
आभार. चौकटीत नुसत्या जाती मोजल्या तर चालेल?

मुरूमवाट:
नाही, प्रत्येक जातीने किती टक्के जमीन झाकली तेही लिहा. दहा जाती प्रत्येकी १० टक्के असतील तर शॅनन निर्देशांक (जाती किती आणि त्यांची वाटणी किती सारखी, हे एकत्र सांगणारा आकडा) २.३० येतो. एकच ९१ टक्के आणि बाकी नऊ एकेक टक्का असतील तर ०.५०. यादी दोन्हीकडे दहाचीच, पण दुसऱ्या माळावर जवळजवळ एकाच गवताचं राज्य. पूर्वेला तुमचं हेच निघेल असा अंदाज आहे. तसं निघालं तर बी विकत आणू नका. उरलेल्या नऊ जाती तिथे आहेतच, कापणीने त्यांना उजेड मिळू द्या. शेडा अगदीच कमी वाटला तर पश्चिमेकडचं पिकलेलं बी गोळा करून कोरडं ठेवा आणि जूनमध्ये ओल्या मातीत कालवून वरच्या वर टाका, सेंटीमीटरपेक्षा खोल नको.