सुतावर लाखेचा रंग: आधी हिरडा, मग तुरटी

तुरटी लावूनही सुती कापडावर लाखेचा (लाखेच्या किड्यांच्या राळेतून मिळणारा लाल) रंग फिकट गुलाबीच का येतो, असा प्रश्न आहे. रेशीम आणि लोकर हा रंग नुसत्या तुरटीवरही छान धरतात. सुताला मात्र आधी हिरड्याचं पाणी द्यायलाच हवं. त्यात बुडवून वाळवलेलं कापड पिवळसर दिसतं, ते न धुता तसंच तुरटीत घाला. १०० ग्रॅम कोरड्या कापडाला १५ ग्रॅम तुरटी पुरते.

आणि कच्ची लाख कृपा करून उकळू नका! राळ वितळते, कापडावर चिकट ठिपके बसतात आणि मग काही केल्या निघत नाहीत. लाख कुटून कोमट पाण्यात रात्रभर ठेवा, फडक्यातून दोनदा गाळा, मगच तो अर्क तापवा.

पाणी बोअरचं आहे का? जड पाण्यात हा लाल रंग जांभळ्याकडे झुकतो. थोडा चिंचेचा कोळ घातला की डोळ्यांदेखत परत लालीवर येतो, फार सुंदर दिसतं ते. रंग गडद करायला हिराकस (लोखंडाचा क्षार) वापरणार असाल तर १०० ग्रॅम कापडाला २ ग्रॅमच्या वर नको. कापडातल्या हिरड्याशी त्याचा संबंध आला की रंग झपाट्याने काळपटतो, शिवाय जास्त हिराकसाने धागा कमजोर होतो. त्याचं भांडंही वेगळंच ठेवा.