ती नुसती पोपटपंची नव्हे
स्वमग्न (ऑटिझम असलेलं) मूल ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणतं ती निव्वळ पोपटपंची, असं म्हटलं जातं, ते मला पटत नाही. 'तुला पाणी हवंय का?' असं मूलच म्हणतं, तेव्हा बऱ्याचदा त्यालाच तहान लागलेली असते. तहानेशी जोडलेलं अख्खं वाक्य त्याने उचललेलं असतं. 'मी'ऐवजी 'तू' अशी अदलाबदलही त्यातूनच. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनरने १९४३ साली अशा ११ मुलांच्या नोंदींत हे टिपलं होतं. (दटावण्यापेक्षा 'मला पाणी हवंय' असं त्याच्या बाजूने म्हणून दाखवावं.)

काही स्वमग्न मुलांची किशोरवयात गंमत वेगळीच. शब्दसंग्रह दांडगा, व्याकरण चोख, पण 'खिडकी उघडता येईल का?' विचारलं की 'हो, येईल' म्हणून काही जण जागेवरच बसून राहणार! हा उद्धटपणा नाही. शब्दांमागची विनंती पोचलेलीच नसते.