गिरणी नाही, पण नाव राहिलं

सोलापूरच्या एका भागाबद्दल 'तिथं एकही मिल नाही, मग जुनी मिल कंपाउंड का म्हणतात?' असं एकानं विचारलंय, म्हणून लिहितो. रेल्वे 1860 मध्ये सोलापूरला आली आणि 1870 च्या दशकात इथली पहिली कापडगिरणी उभी राहिली. नंतर लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या निघाल्या, म्हणून ही 'जुनी' ठरली. मुरारजी पेठ हे नावसुद्धा गिरणीमालक मुरारजी गोकुळदास यांचंच.

माझे आजोबा या गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात होते. पाळी सुटली की भुवयांवर कापसाची पांढरी भुरभुर घेऊन यायचे. आजी त्यांना आधी अंगणातच डोकं झटकायला लावायची, मग घरात. अख्ख्या गावाचं घड्याळ म्हणजे भोंगा!

1930 मध्ये इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉच्या, म्हणजे लष्करी कायद्याच्या आधी रस्त्यावर उतरलेल्या लोकांत गिरणी कामगार मोठ्या संख्येनं होते, हेही विसरू नका. गिरणी बंद पडली, यंत्रं गेली, जमिनीवर घरं आली. त्या भागात आत्यानं जास्वंद लावायला खड्डा खणला, तर हातभर खाली काळी कोळशाची खर लागली. बॉयलरचीच असणार. ती तिनं बाजूला काढून ठेवलीय, टाकवत नाही म्हणते.