मार्गारेट कार्पेंटरची चित्रं कुठे बघता येतील?

नमस्कार मंडळी, लंडनकरांची मदत हवी आहे.

गणितज्ञ एडा लव्हलेसचं १८३६चं पूर्णाकृती तैलचित्र आठवतंय? ते मार्गारेट सारा कार्पेंटरचं (१७९३–१८७२). चित्रकार बाई माझा रुंद जबडा अगदी पुरेपूर दाखवतायत, त्यावर ‘गणित’ असं लिहायला हवं, अशी एडाने पत्रात थट्टा केली होती! १८१४ ते १८६६ रॉयल अकादमीत (लंडनमधली चित्रकारांची संस्था) मार्गारेटची चित्रं लागली, सदस्यत्व मात्र नाही. बाईमाणूस ना.

तिचा मुलगा विल्यम १८५०मध्ये मुंबईत उतरला, त्याची हिंदुस्थानातली जलरंगचित्रं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. ती बघायला आधी वेळ घ्यावी लागते का? आणि नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीतलं मार्गारेटने काढलेलं चित्रकार बॉनिंग्टनचं चित्र सध्या भिंतीवर आहे का? मे महिन्यात लेकीकडे येतेय.