दहावीच्या मुलाची ‘अध्ययनशैली’ ठरवून अभ्यास बदलावा का?

प्रश्न: एक पालक, मानेवाडा

सप्रेम नमस्कार. माझा मुलगा राज्य मंडळाच्या मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीत शिकतो. त्याच्या शिकवणी वर्गात एक प्रश्नावली भरून घेण्यात आली आणि तो ‘दृश्य’ पद्धतीने शिकणारा असल्याने त्याने वाचन-लेखन कमी करून व्हिडिओ व रंगीत तक्त्यांवर भर द्यावा, असे आम्हाला सांगण्यात आले. तेव्हापासून तो इतिहासाचे पुस्तक उघडायला तयार नसतो. ‘मी वाचून शिकणारा नाहीच,’ असे म्हणतो. व्हिडिओ पाहताना त्याला सारे समजते, परंतु चाचणीत उत्तर आठवत नाही. या वर्गवारीला कितपत आधार आहे आणि घरी अभ्यास कसा घ्यावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर: अध्यापक महाविद्यालयातील प्राध्यापक, धरमपेठ

ताई, दृश्य, श्राव्य, वाचन-लेखन आणि कृती ही चौकट न्यूझीलंडचे नील फ्लेमिंग यांनी १९९२ च्या सुमारास मांडली आणि पुढे ती जगभरच्या शाळांत पोहोचली. कोणाला चित्र आवडते, कोणाला ऐकणे आवडते, हे खरेच आहे. परंतु आवडीच्या पद्धतीने शिकवल्यास मूल अधिक शिकते, हा त्यापुढचा दावा आहे आणि तो स्वतंत्रपणे सिद्ध व्हावा लागतो. त्यासाठी ‘दृश्य’ ठरलेल्या मुलांपैकी काहींना चित्रांतून व काहींना ऐकवून शिकवावे लागेल, ‘श्राव्य’ मुलांबाबतही तसेच करावे लागेल आणि शेवटी सर्वांची एकच परीक्षा घ्यावी लागेल. दृश्य गटाला चित्रांनी आणि श्राव्य गटाला ऐकण्याने जास्त लाभ झाला, तरच दावा टिकेल. पॅशलर, मॅकडॅनियल, रोरर आणि ब्यॉर्क या चार मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधन याच कसोटीवर तपासले. अशा काटेकोर पद्धतीचे अभ्यास त्यांना फारच थोडे आढळले आणि त्यांतले काही तर दाव्याच्या विरोधात जाणारे होते. एवढ्या आधारावर दहावीच्या मुलाचे वाचन कमी करणे मला अत्यंत अनुचित वाटते.

उत्तर: एक पालक, महाल

सरांच्या मताचा आदर राखून माझा अनुभव सांगते. पुस्तकातून माझ्या मुलीच्या डोक्यात प्रकाशाचे परावर्तन शिरत नव्हते. रमण विज्ञान केंद्रात तिने प्रयोग स्वतः हाताळून पाहिले आणि घरी आल्यावर तिनेच मला ते समजावले. ती करून शिकणारी आहे, असे मी का म्हणू नये?

उत्तर: निवृत्त गणित शिक्षिका, प्रतापनगर

महालच्या ताई, मुलीला लाभ झाला, यात शंका नाही. परंतु तो प्रयोग वर्गातल्या बहुतेक सर्वच मुलांना उपयोगी पडला असता, कारण आरसा आणि प्रकाश हे विषयच पाहून व हाताळून उलगडणारे आहेत. भिंगाची किरणाकृती प्रत्येकाने काढावीच लागते, कवितेची लय प्रत्येकाने ऐकावीच लागते आणि इतिहासातील कारणमीमांसा वाचून स्वतःच्या वाक्यांत लिहावीच लागते. माध्यम आशयावरून ठरवावे, मुलावर मारलेल्या शिक्क्यावरून नव्हे.

आता मूळ प्रश्नाकडे येते. पाहताना समजते आणि चाचणीत आठवत नाही, हीच खरी अडचण आहे आणि ती केवळ आपल्या मुलाची नाही. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ च्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना उतारा पुन्हा वाचायला लावला, तर काहींना तो न पाहता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत पुन्हा वाचणारे पुढे होते. एका आठवड्यानंतर मात्र त्यांना सुमारे ४२ टक्के आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. पुन्हा पाहिल्याने मजकूर ओळखीचा वाटतो आणि मूल त्या ओळखीलाच ज्ञान समजते. म्हणून व्हिडिओ अवश्य पाहू द्यावा, पण तो संपताच पुस्तक-मोबाइल मिटवून आठवेल तेवढे वहीत लिहायला सांगावे, मग पुस्तक उघडून राहिलेले मुद्दे त्यालाच शोधू द्यावेत. तोच धडा दोन-तीन दिवसांनी आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा असाच विचारावा. बीजगणितात एकाच सरावसंचातील सगळी उदाहरणे सलग सोडवण्याऐवजी वर्गसमीकरण, अंकगणित श्रेढी आणि रेषीय समीकरणे मिसळून द्यावीत, कारण परीक्षेत कोणती रीत लावायची हे आधी ओळखावे लागते आणि सलग सरावात नेमकी तीच ओळख राहून जाते. सुरुवातीला चुका वाढतील, तो कंटाळेलही; तेवढ्यावरून पद्धत सोडू नये.

प्रश्नकर्त्या पालक

मनःपूर्वक आभार. एक शंका राहते: तो मुळातच सावकाश वाचतो आणि वाचताना ओळी चुकतो. हाही सवयीचाच भाग समजावा का?

उत्तर: अध्यापक महाविद्यालयातील प्राध्यापक, धरमपेठ

नाही ताई, ही बाब शैलीच्या चर्चेपेक्षा पूर्णपणे वेगळी आहे आणि तिला विलंब लावू नये. प्रथम नेत्रतज्ज्ञांकडून दृष्टी तपासून घ्यावी. दृष्टी ठीक असूनही अडचण राहिली, तर वाचनाच्या अध्ययन अक्षमतेची रीतसर तपासणी करून घ्यावी. तसे निदान झाल्यास राज्य मंडळाच्या परीक्षेत वाढीव वेळेसारख्या सवलती मिळतात, मात्र त्यासाठी प्रमाणपत्र शाळेमार्फत मुदतीत सादर करावे लागते. म्हणून याच आठवड्यात मुख्याध्यापकांना भेटावे.