240 फ्लॅट, प्रत्येकी 9 लाख? हिशेब पुरा मांडा

साधाहिशेब
काल या धाग्यावर मांडवीकाठ यांनी योजना मांडली: गोव्यातल्या डिचोली तालुक्यात उतारावरची 12,000 चौ. मी. सरकारी जमीन घ्यावी, 30 चौ. मी. कार्पेटचे (भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेचे) 240 फ्लॅट बांधावेत. चौ. मी.ला 30,000 रुपये दराने फ्लॅट 9 लाखांत पडेल, प्रधानमंत्री आवास योजनेच्या सबसिडीचे अडीच लाख वजा जाता साडेसहा लाखांत गोंयकाराला घर. खाली सगळ्यांची वाहवा. असल्या आकड्यांवर विसंबून गरीब माणूस दागिने मोडून अनामत भरतो, म्हणून राहवलं नाही.

केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा किमान एक लाख, एवढं बरोबर आहे. पण बांधकामाचा दर कार्पेटला लावतात का? भिंती, जिना, पॅसेज, बाल्कनी, खालचं स्टिल्ट (गाड्यांसाठी खांबांवरचा मोकळा तळ), कंत्राटदार सगळ्याचं बिल लावतो. एस-2 या वस्तीच्या झोनमध्ये एफएआर 80, म्हणजे जमिनीच्या 80 टक्के बांधकाम: 9,600 चौ. मी., फ्लॅटमागे 40. एफएआरमध्ये न मोजलेले आणखी 10 तरी धरा, सिमेंट-सळई त्यांनाही लागते. झाले 50. तुमच्याच दराने 15 लाख.

आता जमीन. 25 टक्क्यांहून जास्त उतार असेल तिथं बांधताच येत नाही. उरलेल्या ठिकाणी डोंगर कापायचा तर नगरनियोजन कायद्याच्या कलम 17-अ खाली परवानगी. वर कडक जांभा दिसतो, पण त्याच्या पोटात शेडी, म्हणजे मऊ चिकणमाती असते. जेसीबीने उभा काप घेतला की पावसात शेडी पाणी पिऊन सुटते आणि वरचा जांभा अख्खा खाली बसतो. संरक्षक भिंत हवी, तिच्या पाठीला खडीचा थर आणि पाणी निघायला भोकं हवीत. भोकं गाळली तर माती नव्हे, मागे तुंबलेलं पाणीच भिंत ढकलतं. हा खर्च 15 लाखांच्या बाहेरचा.

सांडपाणी तर तुम्ही धरलंच नाही. घरात पाच माणसं, माणशी 135 लिटर, म्हणजे दिवसाला 1,62,000 लिटर पाणी. त्याचे 80 टक्के सांडपाणी, सुमारे 130 घनमीटर. सोकपिट (शोषखड्डे) काढलेत तर जांभ्याच्या भेगांतून ते खालच्या वाड्याच्या विहिरीत उतरेल. एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट लागणारच, आणि तोही 65-65 घनमीटरचे दोन भाग करून. सुरुवातीला तिसरा हिस्सा घरं भरलेली असताना 130 चा सलग प्लांट चालवला, तर जिवाणूंना खाद्य पुरत नाही. प्लांट बसतो आणि दुर्गंधी सुटते.

मांडवीकाठ
कार्पेटची चूक झाली. मान्य. पण तुमचा सूर असा की गरिबाने घर मागूच नये. स्टिल्ट काढा, तळमजला अधिक तीन करा, लिफ्ट नको, गाड्या उघड्यावर राहू द्या. 50 चे 44 होतील. फ्लॅट 13 लाख 20 हजार.

साधाहिशेब
उतारावर 240 गाड्या उघड्यावर लावायच्या तर तेवढा डोंगर जास्त कापावा लागेल. स्टिल्टचे वाचवलेले पैसे कापणीत जातील.

आणि हप्ता काढलात का? 15 लाखांतून सबसिडी वजा जाता साडेबारा. सव्वा लाख पदरचे, सव्वाअकरा लाख कर्ज. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षं म्हणजे महिना सुमारे 9,760 रुपये. आर्थिक दुर्बल गटाची मर्यादा वर्षाला 3 लाख, म्हणजे महिना 25,000. वर एसटीपी, पंप, जिन्यातले दिवे यांची वर्गणी. चार घरांनी ती थकवली की पहिला बंद पडतो तो एसटीपीचा ब्लोअर, जिवाणूंना हवा देणारा पंखा.

चिरेबंदी
मुळात नवीन बांधायचंच कशाला? 2011 च्या जनगणनेत गोव्यात सव्वा लाखाच्या आसपास घरं रिकामी होती. पाचांत एक! दिल्ली-मुंबईवाल्यांच्या कुलूपबंद फ्लॅटांवर जबर कर लावा, जमीन न कापता घरं मिळतील.

एकचौदा
चिरेबंदी, त्यातली सगळी दिल्लीवाल्यांची नाहीत. वाड्यावाड्यावर बंद पडलेली वडिलोपार्जित घरं बघा. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्याचा सातबारा म्हणा) पणजोबाचं नाव, खाली वीस-पंचवीस वारस. आपल्या गोव्याच्या कायद्यात वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, वारसाहक्काने आलेलीसुद्धा. म्हणून दस्तावर प्रत्येक लेकीबरोबर जावयाची आणि लेकाबरोबर सुनेची सही लागते. एक वारस लिस्बनला, एक मुंबईत, एकाचा पत्ता नाही. घर भाड्याने देता येत नाही, विकता येत नाही, कौलं बदलायला कर्जही मिळत नाही. पंचायतीचा घर क्रमांक आणि घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे, बँक ती बाजूला सारते.

आणि आवास योजनेशी याचा थेट संबंध आहे. अट अशी की कुटुंबाच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नको. पणजोबाच्या घरात विसावा हिस्सा, पण झोपायला खोली नाही, अशा माणसाचा अर्ज छाननीत अडकतो. स्वतःच्या जागेत बांधायच्या घटकातही मंजूर होत नाही, कारण हिस्सा वेगळा काढलेला नाही. गरजू गोंयकार दोन्हीकडून बाहेर.

मांडवीकाठ
धागा घरांचा आहे, तुम्ही इन्व्हेंटरीचं, वारसांतल्या वाटणीच्या खटल्याचं पुराण काढलंत! भाड्याच्या एका खोलीत चौघे राहतात, त्यांना काय सांगू? आधी पणजोबाची वाटणी करा?

एकचौदा
आवाज चढवू नका. वाटणी झाल्याशिवाय तुमच्या 240 फ्लॅटांना पात्र स्थानिकच कमी मिळतील, मग यादी कोणाच्या नावांनी भरेल ते सांगा. 2012 चा वारसा आणि इन्व्हेंटरी कायदा आहे. वारसांत वाद नसेल तर आधी विशेष नोटरीकडे वारसा दस्त, मग सगळ्यांच्या सह्यांनी वाटणीचा दस्त. वाद असेल तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी: कुटुंबप्रमुख मालमत्तेची यादी देतो, मूल्यांकन होतं, वारसांत आपसांत बोली लागते, मग वाटणी. रखडतं कुठे? नोटिसा बजावण्यात आणि मूल्यांकनात. तालुक्यात यासाठी मोफत वकील आणि मूल्यांकनकार बसवा. एका फ्लॅटच्या अडीच लाख सबसिडीत कितीतरी घरांचे कागद सुटे होतील.

चिरेबंदी
बंद घरं अशीही असतात, हे धरलं नव्हतं. पण कराची मागणी सोडत नाही. आणि कागद सुटले तरी मालक भाडेकरू ठेवायला घाबरतो, 1968 च्या भाडेनियंत्रण कायद्यातले खटले डोळ्यांपुढे असतात. म्हणून तर सगळं अकरा महिन्यांच्या करारावर.

मांडवीकाठ
ठीक. वाटणीचं काम बरोबरीने चालू द्या, नाही म्हणत नाही. पण ज्यांच्या पणजोबाचंही घर नव्हतं, मुंडकार (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारा) म्हणूनसुद्धा ज्यांची नोंद नाही, त्यांना कागद सुटून काय मिळणार? त्यांच्यासाठी बांधावंच लागेल.

साधाहिशेब
त्यांच्यासाठी बांधा, पण विकू नका, भाड्याने द्या. आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात भाड्याच्या घरांचा वेगळा घटक आहे. विकलेला फ्लॅट मुखत्यारपत्रावर हातोहात जातो, भाड्याचा सरकारच्या ताब्यात राहतो, आणि एसटीपी चालवायची जबाबदारीही मालक म्हणून सरकारची. आपल्या प्रकल्पात आधी 120 घरं, सपाट भागावर, 65 चा एक एसटीपी. उतार तसाच राहू द्या. दुसऱ्या 120 चं टेंडर पहिली शंभर घरं भरल्यावर आणि पहिला पावसाळा भिंतीला तडा न जाता गेल्यावर.

मांडवीकाठ
120 वर यायला तयार आहे. भाडं किती धरायचं, ते मांडा. या वेळी मीही कार्पेटवर मोजणार नाही.